शिकंज्याचा एक आटा

"आई, मी वर येऊ की तू खाली येतेस?"

जिन्याच्या तळाशी उभं राहून पोरगं असं ओरडायचं. कधी हातात कागदाचं होडकं असायचं, कधी कोपर खरचटलेलं असायचं, कधी नुसतीच हाक. उत्तराची वाट बघण्याएवढा दम त्याला कधी नव्हताच. विचारता विचारता स्वारी अर्धा जिना चढून आलेली असायची. त्या हाकेला आता युगं लोटली. पोरगं वाढलं, मिसरूड फुटलं, दोनाचे चार हात झाले, बापाच्या माघारी त्यानं खालचं पुस्तकबांधणीचं दुकान सांभाळलं, आणि एका तापाचं निमित्त होऊन भरल्या घरातून उठून गेलं. हाक मात्र होती तेवढीच राहिली, लहान पोराची. ती अजूनही मधूनच आईच्या कानात उमटायची. आणि गंमत अशी की ती ऐकून आईला काहीच व्हायचं नाही. शेजारच्या घरातल्या घड्याळाचे टोले ऐकावेत तशी ती ऐकायची आणि हातातली सुई पुढच्या भोकात घालायची.

गल्लीत तिला सगळे बाइंडरबाई म्हणत. नवरा बाइंडर म्हणून ती बाइंडरबाई, असं सुरुवातीला होतं. पुढे नवऱ्यापेक्षा तिचीच शिवण नीट बसते हे गिऱ्हाइकांना कळलं आणि नाव तिच्या अंगाला चिकटलं, खळीने कागद चिकटावा तसं.

घर असं होतं: खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि मधे एका अंगाला कठडा असलेला उभा जिना. पूर्वी सगळं काम खालीच चालायचं. पण गुडघे बोलायला लागले तशी बाइंडरबाईची रवानगी वर झाली, खिडकीपाशी, खुर्चीत. मग कामाची तऱ्हाच बदलली. छापून आलेले कागद सून वर आणून द्यायची. बाइंडरबाई त्यांच्या घड्या घालायची, घड्यांचे फर्मे एकावर एक रचून दोऱ्याने शिवायची. शिवलेली पुस्तकं सून पुन्हा खाली न्यायची, पाठीला खळ लावायची, शिकंज्यात दाबायची, कडा कापायची, पुठ्ठा चढवायची. म्हणजे पुस्तकानं शिवून घ्यायला वर यायचं आणि कपडे घालायला खाली जायचं. आणि त्याचे पाय म्हणजे सुनेचे पाय.

गुडघे नेमके पोरगा गेल्यावरच धरले. लोक म्हणाले, दुःख गुडघ्यात उतरलं. बाइंडरबाईला दुःख कुठेच सापडत नव्हतं, गुडघ्यातही नाही. तिथे नुसतं दुखत होतं. सकाळी उठल्यावर पाय जणू कोणी रात्रभर खळीत बुडवून वाळवलेत असे ताठ, जिना उतरताना आत वाळू करकरते आहे असं. अंगठ्याच्या बुडाशीही तसंच, फर्म्यांना भोकं पाडायचा टोचा दाबला की कळ. डॉक्टरांनी फोटो काढले, उजेडाला धरून दाखवले. सांध्यातली कुर्चा झिजली आहे, म्हणाले. परत येते का, असं सुनेनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, झिजलेलं परत येत नाही, पण उरलेल्यात नीट चालता येतं, तुम्ही मनावर घेतलंत तर. सुनेचे डोळे भरले. बाइंडरबाई त्या काळ्या फोटोतली आपली पांढरी हाडं बघत राहिली. दुसऱ्या कोणाच्या घराचा नकाशा बघावा तशी.

त्या दिवसापासून सुनेनं सासूला तळहातावर घेतलं. पाणी हातात, ताट हातात, चष्मा हातात. सासू उठायला लागली की ही धावत यायची. बसा हो आई, मी आहे ना. बाइंडरबाई बसली. बसली ती बसलीच. महिने लोटले. पोटऱ्या काड्यांसारख्या झाल्या आणि गुडघे दाराच्या गोल मुठींसारखे. प्रेमानं माणूस कसा लाकूड होतो ते त्या घरानं पाहिलं, पण त्या घरात बोलणारं कोणी नव्हतं.

मग व्यायामवाली आली. डॉक्टरांनीच पाठवलेली, अंगानं भारदस्त, आवाजानं त्याहून भारदस्त. आल्या आल्या तिनं बाइंडरबाईची मांडी दोन बोटांनी चाचपली, बाजारात भाजी चाचपतात तशी.

"आजी, गुडघ्याला तुम्ही जावयासारखं बसवून ठेवलंय," ती म्हणाली. "आयतं खाऊन तो माजलाय. कामाला लावा त्याला."

सुनेला ते आवडलं नाही. पण बाइंडरबाईला हे बोलणं बरं वाटलं, म्हणजे वाईट वाटलं नाही, आणि तिच्याकडे हल्ली एवढंच मोजमाप होतं. व्यायामवालीनं खुर्चीखाली लाकडी ठोकळे देऊन ती उंच केली, म्हणजे उठताना गुडघ्यावर सगळा भार यायचा नाही. जमिनीवर मांडी घालून बसणं बंद केलं. बसल्या जागी पाय सरळ उचलायचा, मांडी घट्ट करायची, एक लांब श्वास होईपर्यंत तशीच धरायची, मग सोडायची. टेबलाला धरून टाचा उचलायच्या. सकाळी गरम पाण्याची पिशवी, सूज आली तर गार. तळलेलं कमी. पायात मऊ तळाची चप्पल, घरातसुद्धा. एका जागी बसून फर्म्यांचा ढीग संपवायचा नाही, दुखायला लागायच्या आधीच उठून एक फेरी मारायची. व्यायाम करताना थोडं दुखेल, ते चालतं. पण दुसऱ्या दिवशीही दुखत राहिलं तर आपण जास्त केलं असं समजायचं आणि थोडं कमी करायचं, बंद नाही करायचं. टोच्याच्या मुठीवर चिंध्या गुंडाळून ती तिनं जाड करून दिली. चिमटीत धरायचं नाही, मुठीत धरायचं, अंगठ्याला सुट्टी. आणि जिन्याचं एक सांगितलं: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हात कठड्यावर.

"जिना नको," सून मधेच म्हणाली. "पडल्या म्हणजे?"

व्यायामवालीनं तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, घाईनं नको, हे खरं. पण कधीच नको, हे नको.

बाइंडरबाई सगळं करू लागली. आशा होती म्हणून नाही. घड्या घालून झाल्यावर करायला दुसरं काही नव्हतं म्हणून. आणि आणखी एक होतं, ते तिनं कोणाला सांगितलं नसतं. दुखणं हीच एक गोष्ट तिच्यापर्यंत पोचत होती. बाकी सगळं, गल्लीतली पोरं, सुनेचं हसणं, मुलाचा भिंतीवरचा फोटो, जाड पुठ्ठ्याच्या पलीकडून आल्यासारखं यायचं. दुखणं तेवढं थेट यायचं. मग ती त्याच्याकडे लक्ष देऊ लागली. आज डावा जास्त की उजवा. सकाळचा ताठरपणा कधी सुटला. गरम पाण्यानं की चालण्यानं. शिवताना दोऱ्याचा ताण बोटांना कळतो, फार ओढला तर कागद फाटतो, सैल सोडला तर पुस्तक लुळं पडतं, तसाच मांडीचा ताण तिला हळूहळू कळू लागला. पायात जीव येऊ लागला. मनात नाही, पण पायात.

अशात एकदा चष्मेवाले आले. हे एका जुन्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल. नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा, आणि तिसरा शोधत असायचे. दरवर्षी मासिकांचे अंक बांधायला आणायचे. ह्या खेपेला अंक ठेवून ते जिन्यापाशीच खुर्ची ओढून बसले आणि सुनेशी बोलले. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायला माणूस हवाय. कामाला हवेतला ओलावा बेताचा राखलेली खोली, राहायला वेगळी खोली, हाताखाली शिकायला तज्ज्ञ. तुझं काम मी त्यांना दाखवलंय, म्हणाले, त्यांनी फक्त तुझं हो मागितलंय.

वर बाइंडरबाईचा हात थांबला होता. खाली अंकांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा केल्याचा आवाज आला. मग सून म्हणाली:

"आईंना जिना उतरता येत नाही हो. त्यांना टाकून कुठे जाऊ?"

चष्मेवाल्यांनी फार लावून धरलं नाही. विचार कर, म्हणाले, अंक न्यायला येईन तेव्हा सांग. जाताना चष्मा विसरले, तो घ्यायला परत आले, तेव्हाही पुन्हा तेच म्हणाले.

त्या रात्रीही सून नेहमीसारखी जेवली, नेहमीसारखी बोलली. चष्मेवाल्यांविषयी अवाक्षर नाही. बाइंडरबाईनं विचारलं नाही. सुनेच्या चेहऱ्यावर काही असलं तरी ते तिला वाचता आलं नाही. पुठ्ठ्याच्या पलीकडे होतं ते.

पुढच्या आठवड्यात सून बांधलेली पुस्तकं पोचवायला बाहेर गेली होती. बाइंडरबाई टाचा उचलण्याचा व्यायाम करून उभी होती. जिन्याचं दार उघडं होतं. तिनं कठड्यावर हात ठेवला आणि दुखरा पाय खाली टाकला. मग बरा. मग दुखरा. मधल्या वळणावर थांबली, दम घेतला. आणि उतरली. खाली दुकानाची फरशी गार होती, खळीचा आंबूस वास होता, कापलेल्या कागदांच्या पट्ट्यांचा ढीग कोपऱ्यात होता. कितीतरी दिवसांनी ती तिथे उभी होती. वाटलं होतं, इथे आल्यावर काहीतरी होईल. रडू फुटेल, छातीत कालवेल. काही झालं नाही. पाय मात्र उभे राहिले. ती बघत राहिली, मग आली तशी चढून गेली, बरा पाय आधी.

सून परतली तेव्हा बाइंडरबाईच्या जिभेवर होतं, अगं, मी खाली जाऊन आले. ओठ उघडलेही. सुनेनं विचारलं, काय हो आई, पाणी देऊ? आणि बाइंडरबाई म्हणाली, दे.

तिथून पुढे ते रोजचंच झालं. सून बाहेर पडली की ही खाली, सून यायच्या आत ही वर. रोज थोडी बळकट. आणि वर आल्यावर रोज तीच खुर्चीतली, जिना न उतरता येणारी सासू. कारण तिला पक्कं ठाऊक होतं, ज्या दिवशी ती सांगेल की मला जिना येतो, त्या दिवशी सुनेकडे राहायला कारण उरणार नाही. चोरी म्हणावी तर चोरी होती. पण चोराला वाटते तशी धास्तीही तिला वाटत नव्हती. नुसतं ठाऊक होतं.

आणि मग हातानं घात केला.

पुस्तकाच्या पाठीला खळ लावून ते शिकंज्यात धरतात. शिकंजा म्हणजे दोन जाड पाट आणि वर लोखंडी चाकाचा मोठा स्क्रू. चाक फिरवलं की पाट जवळ येतात आणि पुस्तक दाबलं जातं. पण ओली खळ जसजशी कागदात मुरते तसतशी पुस्तकं बसतात आणि पकड सैल होते. म्हणून खरा बाइंडर थोड्या वेळानं परत येतो आणि चाकाला आणखी एक आटा, म्हणजे एक फेरा, देतो. हे कोणी कोणाला सांगत नाही, हातालाच सवय लागते. सून हुशार होती, पण तिचं शिक्षण नवऱ्याच्या हाताखाली घाईत झालेलं, आणि आता ती एकटी सगळीकडे धावणारी. तो आटा तिच्याकडून राहून जायचा.

एका दुपारी बाइंडरबाई खाली उतरली तेव्हा शिकंज्यात चष्मेवाल्यांचे अंक होते. तिनं चाकावर हात ठेवला, अंगठा मोकळा, मूठ भरून, आणि फिरवलं. चाक कुरकुरलं, पाट बसले. ती दुसरीकडे वळली, खळीचं भांडं झाकलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं आपण काय केलं ते. सून येईल, शिकंजा उघडायला जाईल, आणि तिला कळेल की तिनं लावला त्यापेक्षा हा घट्ट आहे.

परत सैल करावा. तिनं चाकाला हात लावला. आणि फिरवता येईना. जोर होता, पण सैल केला असता तर पाठ वाकडी वाळली असती, उघडताना अंकांचे फर्मे सुटे झाले असते. आयुष्यभर तिनं एक पुस्तक जाणूनबुजून बिघडवलं नव्हतं. ती बराच वेळ चाक धरून उभी राहिली. मग हात काढला आणि चढून गेली.

सून आली. खाली चाक फिरल्याचा आवाज आला, मधेच थांबला, पुन्हा आला. मग नेहमीची पावलं, वर. तिनं सासूपुढे नवे कागद ठेवले, खाली गेली. काही विचारलं नाही. बाइंडरबाईला वाटलं, नसेल कळलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उतरली, आणि पुन्हा हात गेला. आता थांबवून उपयोग नव्हता. पुस्तकं तर चांगली होत होती.

अंक बांधून तयार झाले. दुपारी येतो, असा चष्मेवाल्यांचा निरोप आला. सून सकाळपासून खाली होती, पुठ्ठ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या डकवत होती. वर बाइंडरबाईनं गरम पाण्याची पिशवी गुडघ्यांवर ठेवली होती, ती गार होईपर्यंत तशीच बसली. पिशवीची ऊब गेली. तरी ती बसून होती. मग चप्पल पायात घातली, उठली आणि जिन्याशी आली.

ह्या वेळी सून घरात होती. पावलांचा आवाज खाली जाणार होता. पहिल्या पायरीवर लाकूड वाजलं. सुनेची चिठ्ठी डकवणारी हालचाल थांबल्यासारखी वाटली, मग पुन्हा चालू झाली. बाइंडरबाईला वाटलं होतं ती किंचाळत धावत येईल, आई, थांबा, पडाल म्हणेल. कोणी आलं नाही. मधल्या वळणावर तिनं नेहमीसारखा दम घेतला. मग उतरली.

सून टेबलाशी पाठमोरी होती. वळून तिनं बघितलंही नाही.

"मला जिना उतरता येतो," बाइंडरबाई म्हणाली.

"दिसतंय," सून म्हणाली. मग चिठ्ठीवरून बोट फिरवत म्हणाली, "ठाऊक होतं मला. शिकंजा मी लावते त्याहून घट्ट निघतो रोज. आपल्याकडे भूत असतं तर त्यानं फरशीसुद्धा पुसली असती."

बाइंडरबाई शेजारच्या स्टुलाकडे वळली, पण टेकली टेबलाला. स्टूल बुटकं होतं, त्यावर बसायचं नाही एवढं भान तिला राहिलं.

तिनं विचारलं, ठाऊक होतं तर बोलली का नाहीस. सुनेनं डिंकाची बाटली बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. ती म्हणाली, मी वाट बघत होते तुम्ही कधी बोलता ह्याची. आणि खरं सांगायचं तर नाही बोललात ते बरंच होतं. सगळ्यांना सांगायला सोपं असतं, सासूला जिना येत नाही. नवं गाव, नवी माणसं, एकटीनं जायचं, भीती वाटते असं कसं सांगू? तुमचे गुडघे मला बरे पडत होते, आई.

हे बोलताना ती हसली, आणि हसता हसताच पाठ फिरवून उरलेल्या चिठ्ठ्या गोळा करू लागली. बाहेर गल्लीतून कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं. चष्मेवाले यायची वेळ होत आली होती.

"त्यांना हो म्हण," बाइंडरबाई म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"माझं मी बघते. सकाळी पिशवी, मग पाय, मग फेरी. शिवेन इथे दुकानात बसून, उंच खुर्ची इथे आणायला सांगू चष्मेवाल्यांना, त्यांना तरी काय काम असतं. पुठ्ठे चढवायला मजूर मिळेल. शिकंजा माझ्या हातचा आहेच. गुडघ्यांना तू नकोस आता."

सुनेनं मान खाली घातली. तिला हे बोलणं लागलं, हे बाइंडरबाईला कळलं. पुठ्ठ्याच्या अलीकडेच कळलं, आणि कळलं म्हणून ती स्वतःच थोडी दचकली. तिनं टेबलाची कड मुठीत धरली. पुढचं वाक्य तिच्याजवळ फार दिवसांपासून होतं, पण ते वर राहिलं होतं, खुर्चीपाशी, आणि आता तेही पायरी पायरीनं खाली उतरत होतं.

"तो गेला तेव्हा मला काही झालं नाही," ती म्हणाली. "सगळे रडत होते, मी बघत होते. अजूनही काही होत नाही. कोणाला सांगू असं? मी वर शिवत बसते ना, तेव्हा तू खाली चालतेस ते ऐकू येतं. दिवसभरात तेवढंच एक मला नीट ऐकू येतं. म्हणून नाही सांगितलं जिन्याचं. मला तू हवी होतीस गं. कामाला नाही, जिन्याला नाही. नुसती हवी होतीस."